गुरसरायची खिडकी

माझी निम्मी नोकरी खिडकीमागे बसून झाली असं सांगितलं की लोकांना वाटतं, मी रेल्वेत तिकिटं देत होते. झाशीच्या बाईबद्दल तसं वाटणं साहजिक आहे. आमच्याकडे दोन घरांआड एक माणूस रेल्वेत. आमचे हेसुद्धा वर्कशॉपमध्ये फिटर होते, आणि वर्कशॉपच्या भोंग्यावर आमच्या अख्ख्या मोहल्ल्याची घड्याळं लागायची. माझ्या खिडकीबाहेर मात्र म्हातारी माणसं, विधवा बायका, आंधळे-पांगळे उभे राहायचे, आणि सरकारच्या वतीने मी त्यांना विचारायचे, नाव काय, वय काय, घरात कमावतं कोण.

मी समाजकल्याणाच्या कचेरीत कारकून होते. निराधारांना दरमहा जी लहानशी पेन्शन मिळते, तिचे अर्ज घेणं हे माझं काम. या कामात लिहिणं थोडं आणि विचारणं फार. अर्जाला तीन कागद लागायचे. वयाचा डॉक्टरी दाखला, उत्पन्नाचा लेखपालाचा, म्हणजे तलाठ्याचा दाखला आणि गावच्या प्रधानाची, म्हणजे सरपंचाची सही. तिघे तीन दिशांना, आणि तिघेही एकाच दिवशी सापडले असं माझ्या आठवणीत एकदाही झालं नाही. आधी कुठे जायचं, लेखपाल कोणत्या वारी कुठे बसतो, डॉक्टरला काय सांगायचं आणि काय सांगायचं नाही, हे कुणी नीट समजावलं तर म्हातारीचा अर्ज पुरा व्हायचा. नाही समजावलं तर दोन फेऱ्यांनंतर ती घरी बसायची, आणि सरकारदरबारी ती बाई नव्हतीच.

नोकरीच्या सातव्या-आठव्या वर्षी माझी बदली गुरसरायला झाली. तिथे आमच्या खात्याची एका खोलीची उपकचेरी होती. एक टेबल, एक कपाट, एक शिपाई आणि रस्त्याकडे उघडणारी एक गजांची खिडकी. सोमवारी पहाटे मी झाशीहून पॅसेंजर धरायची. कोळशाचं इंजिन, डोळ्यात कण जायचे. एरच रोडला उतरून पुढे बस. शनिवारी दुपारी तसंच उलट. आठवडाभर एका शिलाईवाल्या बाईच्या घरी भाड्याच्या खोलीत राहायचे. माझी मंजू तेव्हा सहावीत होती. घरी सासूबाई तिच्याजवळ होत्या, तरी सोमवारी निघताना ती झोपेचं सोंग घेऊन पडायची, आणि मला ते कळायचं. पहिलं वर्षभर मी बदलीच्या अर्जाशिवाय दुसरा विचार केला नाही.

पण काम आवडायला लागलं होतं, हे खोटं कशाला बोलू. तिकडच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. मेलेल्याचंही नाही. आणि विधवेच्या अर्जातला दुसराच रकाना पतीच्या नावाचा. मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा समोरच्या बाईने पदर डोळ्यांपर्यंत ओढला. मागची बाई म्हणाली, "बिन्नू, जे न बतैहैं. तुम बूझ लो." म्हणजे ही सांगायची नाही, तुम्हीच ओळखा. मग आमचा खेळ सुरू झाला. ती म्हणाली, हनुमानजीचा वार. मी म्हटलं, मंगल? मान हलली. पुढे काय, मंगलसिंह? नाही. मंगलदास? नाही. जी वस्तू राजाच्या डोक्यावर असते ती. मी म्हटलं, मुकुट? खिडकीबाहेरच्या सगळ्या बायका हसायला लागल्या. शेवटी निघालं ते छत्र. मंगलछत्र असं नाव मी त्याआधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही नाही, पण ती बाई आज जिथे असेल तिथे तिच्या अर्जावर ते बिनचूक लिहिलेलं आहे. पुढे मला यात इतका हात बसला की दोन-तीन खुणांत मी नाव ओळखायची, आणि त्या गोष्टीचा मला एखाद्या परीक्षेत पहिली आल्यासारखा अभिमान वाटायचा.

यमुनामावशी माझ्या खिडकीशी आल्या त्या एका मंगळवारी. मंगळवारी तिथे बाजार भरतो. गर्दी संपत आली होती आणि मी खाली मान घालून लिहीत होते. गजांबाहेरून आवाज आला, "काही पुसायचं होतं."

मी मान वर केली. गुरसरायमध्ये कधीकाळी मराठी जहागीर होती हे मला माहीत होतं. आमच्यासारखी झाशीची घरंही त्याच ओघात इकडे आलेली. पण तिथे अजून कुणी मराठी बोलणारं उरलं असेल असं डोक्यातही नव्हतं. समोर नऊवारी लुगडं नेसलेल्या, डोईवरून पदर घेतलेल्या, बारीक चणीच्या एक बाई उभ्या होत्या. साठीच्या पुढे गेलेल्या. बाजारात कुणी त्यांना सांगितलं होतं की कचेरीतली नवी बहनजी दक्खिनी आहे.

मी म्हटलं, "या, आत या. बसा."

त्या आत आल्या, स्टुलाच्या कडेवर बसल्या, आणि विधवा पेन्शनला काय लागतं ते त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, बरं म्हणाल्या आणि गेल्या. पुढच्या मंगळवारी पुन्हा आल्या आणि पुन्हा तेच विचारलं. मला वाटलं, वयामुळे विसरल्या असतील. तिसऱ्या मंगळवारी मात्र मी सांगायला लागले तर त्यांनीच माझं वाक्य पुरं केलं. मग मी विचारणं सोडून दिलं. दर मंगळवारी त्या यायच्या, स्टुलावर बसायच्या, आणि समोरचं माणूस गेलं की आम्ही चार वाक्यं बोलायचो. पुढचं माणूस आलं की त्या गप्प.

त्यांच्याबद्दल मला जे कळलं ते असं तुकड्यातुकड्यांत. यजमान जहागिरीच्या काळापासूनच्या एका देवळात पुजारी होते आणि देवळाच्या जमिनीचे जुने कागद सांभाळायचे. जमीन गेली, मग यजमान गेले. मूल नव्हतं. कानपूरला पुतण्या होता, त्याचं पत्र दिवाळीला यायचं. मावशी कापसाच्या वाती वळून देवळाबाहेरच्या दुकानात द्यायच्या, त्यावर एका वेळचं जेवण भागायचं. पण बोलायला लागल्या की स्वयंपाकघराला मुदपाकखाना म्हणायच्या आणि कपाटाला फडताळ. माझ्या आजीच्या तोंडचे शब्द मी त्यांच्याकडून पुन्हा ऐकले. घरी मंजू माझ्या मराठीला हिंदीत उत्तर द्यायची. ह्यांचंही बोलणं वर्कशॉपमुळे अर्धं हिंदीच. आठवड्यातून एकदा त्या खोलीत मी जितकं मराठी बोलायचे तितकं झाशीत महिन्यात व्हायचं नाही.

एकदा मीच विषय काढला. म्हटलं, मावशी, अर्ज भरून टाकू. दाखले मी आणवते.

त्या म्हणाल्या, "तुझ्या कागदावर वर काय लिहिलंय, वाच बरं."

वर लिहिलं होतं, निराश्रित विधवा. त्या म्हणाल्या, ज्या घरातून गावाला शिधा जायचा त्या घरच्या बाईने आपल्याला आश्रय नाही असं लिहून द्यायचं का. शिवाय मंजूर झालेल्यांची यादी कचेरीच्या भिंतीवर लागते, ती सगळा बाजार वाचतो. मी म्हटलं, तो नुसता सरकारी शब्द आहे. त्यावर त्या स्टुलावरून उठल्या आणि गेल्या. पण विषय मिटला असंही नाही. पुढल्या दोन-तीन मंगळवारी त्या स्वतःहून एकेक गोष्ट विचारायला लागल्या. यादी किती दिवस असते. पोस्टमन पैसे घरी आणून देतो की चारचौघांत. मला कळत होतं की त्या हळूहळू त्या शब्दाशी तडजोड करताहेत. मी घाई केली नाही. अशा कामात घाई केली की माणूस कायमचं बिथरतं.

आता जे सांगायचं आहे ते मी आजवर फक्त ह्यांना आणि स्वतः मावशींना सांगितलं होतं.

त्याच सुमारास झाशीहून एक छापील तक्ता आला. उपकचेऱ्यांत दर दिवशी किती अर्ज येतात ते महिन्याप्रमाणे भरून पाठवायचं होतं. पाठोपाठ मुख्य कचेरीतल्या बडेबाबूंचा, म्हणजे हेडक्लार्कचा निरोप आला, आडून आलेला पण स्पष्ट. आकडे कमी भरले तर गुरसरायची कचेरी मुख्य कचेरीत विलीन होईल आणि बहनजींना झाशी मिळेल.

तक्त्यात एकच आकडा मागितला होता, पुरे झालेले अर्ज. ते दिवसाला कधी दोन असायचे, कधी एक, कधी एकही नाही. खिडकीशी माणसं मात्र सकाळपासून असायची. कुणी फक्त विचारायला, कुणी अर्धा कागद घेऊन, कुणी लेखपालाने हाकललं ते सांगायला. दोन-तीन महिने अशा फेऱ्या झाल्या की त्यातून एक अर्ज पिकायचा. या येण्याजाण्याला तक्त्यात रकाना नव्हता. शेवटी अभ्युक्तीचा, म्हणजे शेऱ्याचा एक रकाना होता. त्यात मला हे लिहिता आलं असतं. चार ओळी पुरल्या असत्या. मी आकडे भरले, अगदी खरे आकडे भरले, आणि तो रकाना मोकळा ठेवून सही केली. मनात मंजू होती, तिची सातवीची परीक्षा होती, सोमवारची पहाट होती. खोटं काही लिहिलं नाही म्हणून मला त्या दिवशी बरंही वाटलं.

तीन महिन्यांत हुकूम आला. दारावर नोटीस लागली की यापुढचे सर्व अर्ज झाशीच्या मुख्य कचेरीत स्वीकारले जातील. खिडकीशी आलेल्यांना मी वाचून दाखवत होते. बायका विचारत होत्या, झाँसी में कहाँ? मी पत्ता सांगत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं की पत्ता त्यांच्या काही कामाचा नाही. झाशीला जायचं म्हणजे आख्खा दिवस, बस, गाडी, सोबतीला कुणीतरी, आणि तिथे पोचून एक कागद कमी पडला की सगळं पाण्यात.

शेवटच्या मंगळवारी यमुनामावशी आल्या. नोटीस त्यांनी वाचली होती. नेहमीसारख्या बसल्या, पण बोलल्या थोडं. उठताना म्हणाल्या, "तिकडे तुझी खिडकी कोणत्या अंगाला असेल?"

मी म्हटलं, "तुम्ही नुसतं माझं नाव सांगा मावशी. कुणीही आणून सोडेल." मला स्वतःलाच तोवर माहीत नव्हतं की तिकडे मला खिडकी नाहीच.

झाशीत मला वरच्या मजल्यावर जुन्या कागदांची खोली मिळाली. अर्ज खाली एका काउंटरवर तिवारीजी घ्यायचे, निकाल लागलेले अर्ज बस्त्यांत बांधून वर माझ्याकडे यायचे. मी लाल फडक्यात गाठोडी बांधायची, नंबर घालायची, कपाटात लावायची. दुपारी जेवायला घरी जाता यायचं. शुक्रवारी मंजूला घेऊन लक्ष्मी तालाच्या काठी महालक्ष्मीच्या दर्शनाला. ते वर्ष माझं सुखात गेलं. पश्चात्तापाच्या गोष्टीत हे कुणी लिहीत नाही, पण खरं तेच आहे. रात्री मला शांत झोप लागायची.

हळूहळू बस्त्यांत एक गोष्ट दिसायला लागली. गुरसरायकडचे अर्ज कमी झाले होते, आणि जे होते ते सगळे एकाच हाताने, एकाच शाईने लिहिलेले. सगळ्या बायकांचं वय बासष्ट. सगळ्या नवऱ्यांची नावं सोपी. कुणीतरी मध्यस्थ गावोगाव फिरून अंगठे घेत होता आणि एकदम गठ्ठा आणून देत होता. ज्यांच्याशी त्याची ओळख नव्हती त्या बायका त्या गठ्ठ्यात नव्हत्या. मी बघत होते आणि गाठी मारत होते.

मग वर्षअखेरीची आवराआवर आली. नामंजूर अर्जांचे बस्ते उघडून मी ते सालवार लावत बसले होते. एका अर्जावर हात थांबला. अक्षर सुवाच्य, नागरी, थोडं थरथरलेलं. वर निराश्रित विधवा. नाव, यमुनाबाई. तिन्ही दाखले जोडलेले, तिन्ही बरोबर. खाली सहीच्या जागी लांबच लांब, एका दमात काढलेली वळणदार रेघ, आणि तिच्यावर लाल शाईत शेरा: हस्ताक्षर अपठनीय. म्हणजे सही वाचता येत नाही.

ती सही मोडीत होती. यजमानांनी त्यांना मोडीतलं तेवढं एक शिकवलं होतं, सही करायला. मला मोडी वाचता येत नाही, पण आमच्या घरच्या जुन्या कागदांवर तसली अक्षरं मी लहानपणापासून पाहिलेली. मी पाहिलं असतं तर एका क्षणात कळलं असतं. तो अर्ज सात महिने माझ्याच कपाटात, माझ्याच हाताने मारलेल्या गाठीखाली पडला होता.

मी तसाच तो कागद घेऊन खाली तिवारीजींकडे गेले. तिवारीजी वाईट माणूस नव्हे. त्यांच्यासमोर रोज एवढी रांग असायची की मान वर करायला फुरसत नसायची. त्यांनी कागद पाहिला, आठवून पाहिलं, आणि त्यांना आठवलं. एक बूढ़ी माताजी आल्या होत्या, लांग की साड़ी, म्हणजे काष्ट्याचं लुगडं, नेसलेल्या. सकाळी दहालाच येऊन बाकावर बसल्या होत्या. मराठी वाली बहनजी कुठे म्हणून विचारत होत्या. तिवारीजी म्हणाले, दुपारी रांग ओसरल्यावर मी शिपायाला वर पाठवलं, तर तुम्ही घरी गेलेल्या. बसा म्हटलं, येतील. त्या चारपर्यंत बसल्या. मग त्यांची गाडी होती म्हणून कागद माझ्या हातात देऊन गेल्या. ते म्हणाले, "बताना रह गया, बहनजी."

अर्जावर तारखेचा शिक्का होता. मी घरी जाऊन कॅलेंडर काढलं. त्या दिवशी माझ्याकडे चैत्रातलं हळदीकुंकू होतं. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आंब्याची डाळ वाटत होते. माझ्या घरात सवाष्णी येऊन बसल्या होत्या, आणि ज्या बाईला तसल्या समारंभाला वर्षानुवर्षं कुणी बोलावलं नव्हतं ती माझ्यासाठी बाकावर बसून होती.

रात्री ह्यांना सगळं सांगितलं, तक्त्यासकट. हे म्हणाले, रविवारची वाट बघू नकोस, उद्याच जा.

दुसऱ्या दिवशी मी कोरा अर्ज आणि जुने दाखले पिशवीत घालून तीच पॅसेंजर धरली. मावशींचं घर मी कधी पाहिलं नव्हतं. देवळाबाहेरच्या दुकानदाराने दाखवलं. एकच खोली, शेणाने सारवलेली, लखलखीत. मावशी दारात भिंतीला टेकून वाती वळत होत्या. मी पायरीपाशी उभी राहिले तरी त्यांनी ओळखलं नाही. मी हाक मारली तेव्हा हात थांबले. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता.

म्हणाल्या, "ये. बस."

मी काय काय बोलायचं ठरवून गेले होते. त्यांनी ते बोलू दिलं नाही. तुझी कचेरी मोठी आहे म्हणाल्या, पंखे आहेत. तिथला माणूस भला आहे, त्याने पाणी दिलं. जाताना गाडीत खिडकीशी जागा मिळाली. जणू मी विचारपूस करायला आले होते आणि त्या प्रवासाची हकिगत सांगत होत्या. शेवटी मीच म्हटलं की कचेरी बंद झाली ती माझ्यामुळे. मी काय लिहिलं नाही ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. हातातली वात पुरी केली.

मग म्हणाल्या, "तुझी पोर लहान होती. मी तुझ्या जागी असते तर मीही तेच केलं असतं." आणि थोड्या वेळाने म्हणाल्या, "पण मंगळवार फार लांबला गं."

मी कोरा अर्ज काढला. सगळं भरलं, त्या शब्दासकट. आता अडचण सहीची. नियमाने सही वाचता येत नसेल तर अंगठा. मी म्हटलं, मावशी, नागरीत नाव लिहाल का? त्यांनी प्रयत्न केला, पण आता रेघ दिसत नव्हती, अक्षरं एकमेकांवर चढली. मोडीतली सही मात्र हाताला पाठ होती, तिला डोळे लागत नव्हते. मी अंगठ्याची शाई पिशवीतून काढली होती. त्यांनी डबीचा वास घेतला आणि हात मागे ओढून पदराखाली घेतला.

"मी लिहिणाऱ्याची बायको आहे," त्या म्हणाल्या. "निराश्रित लिहिलंस, लिही. अंगठा नको."

मी डबी बंद केली. त्यांचा हात धरून सहीच्या जागी टेकवला, आणि त्यांनी एका दमात ती रेघ काढली. तिच्याखाली मी हिंदीत लिहिलं, हस्ताक्षर मोड़ी लिपि में है, मेरे सामने किया गया, आणि माझं नाव, हुद्दा, सही. एवढंच करायचं होतं. मी त्या दिवशी चारपर्यंत कचेरीत असते तर तेव्हाच दोन मिनिटांत झालं असतं.

झाशीत साहेब अडले. मोडी काय असते ते त्यांना ठाऊक नव्हतं, आणि वरच्या मजल्यावरच्या कारकुनाने अर्ज भरून आणणं नियमात बसत नव्हतं. मी घरचं एक जुनं मोडी खत नेऊन त्यांच्यापुढे ठेवलं. आधीचा नामंजूर अर्ज शेजारी ठेवला आणि दोन्ही सह्या सारख्या आहेत हे दाखवलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि मंजूर केलं. मग मी धीर करून गुरसरायची कचेरी पुन्हा उघडावी असं टिपण पुढे केलं. साहेबांनी फाइल मागवली आणि माझाच तक्ता मला दाखवला. ते रागावले नाहीत. म्हणाले, "आप ही ने तो लिखा है." कचेरी काही उघडली नाही. खूप लकडा लावल्यावर एवढं मिळालं की महिन्यातून एका मंगळवारी मी तिथे जाऊन ब्लॉक कचेरीच्या व्हरांड्यात टेबल टाकायचं. महिन्यातला एक दिवस म्हणजे काहीच नव्हे. पहिल्या दिवशी व्हरांडा भरून बायका आल्या. कुणी सांगितलं, अमकी तुमची वाट बघून गेली. तिचं नावसुद्धा मला माहीत नव्हतं. अशा किती होत्या ते कुठेच लिहिलेलं नाही.

मंजुरीचा कागद पोस्टाने गेला असता. मी तो स्वतः घेऊन गेले. मावशींना वाचून दाखवला. पोस्टमन पैसे घरात आणून देईल, सही मोडीतच घेईल, त्याच्याशी मी बोलले आहे, असं सांगितलं. त्यांनी कागद हातात घेतला, घडी घातली, देवापुढे ठेवला. मला वाटलं होतं, त्यांना बरं वाटेल. त्या परत येऊन बसल्या तेव्हा चेहरा उतरला होता.

म्हणाल्या, "म्हणजे काम झालं तुझं."

"झालं मावशी."

"मग आता यायचं कारण नाही उरलं."

मी म्हटलं, कारण आहे. पेन्शन चालू असलेलं माणूस हयात आहे, हे कारकुनाने समक्ष पाहून लिहावं लागतं. सरकारचा नियमच आहे तसा.

"कितींदा?"

"वर्षातून एकदा."

"एकदाच?"

मी म्हटलं, नियमात तेवढंच आहे, पण कारकुनाला शंका असली तर तो दर महिन्याला येऊन बघू शकतो. असा काही नियम नव्हता. मावशी माझ्याकडे, म्हणजे माझ्या आवाजाच्या दिशेने, थोडा वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "शंका ठेव हो तू." आणि उठून चुलीवर चहाचं आधण ठेवायला गेल्या.

त्यानंतर त्या चार वर्षं जगल्या. सरकारला त्या हयात असल्याच्या चार नोंदी पुरेशा होत्या. व्हरांड्यातलं काम आटोपलं की मी दर महिन्याला त्यांच्या पायरीवर जाऊन बसले आणि दर महिन्याला नोंद घेतली. साहेब बदलले, नव्याने विचारलं, या एकाच बाईच्या एवढ्या नोंदी कशाला. मी सांगितलं, वय फार आहे, खात्री केलेली बरी.

आता हे नाहीत. मंजू नोएडाला असते, फोनवर माझं सगळं ऐकून घेते आणि म्हणते, हाँ आई. आज अर्ज घरबसल्या होतो म्हणतात, होत असेल. मला मात्र कधीकधी सकाळी उठल्यावर वार आठवत नाही, आणि मग आठवतो, आणि मंगळवार असला की फार वेळ काही सुचत नाही.